गवळणीनं नाव घेतलं

१८ मार्च १९८५

काशीदादा,

पत्रात आधी खुशाली लिहायची असते. तर आमची म्हैस खुशाल, कुत्रा खुशाल. बाप दम्यानं खोकतो, पण मला शिव्या घालण्यापुरता श्वास त्याला उरतो, म्हणजे तोही खुशाल. मी नववीत दोनदा बसलो होतो हे तुला माहीत आहे, तेव्हा चुका काढत बसू नकोस. तुझा पत्ता तुझ्या आईच्या, मथुराकाकीच्या देव्हाऱ्यातून चोरला. तुझं आंतर्देशीय ती देवाच्या मागं ठेवते. पाठीवरून पत्ता उतरवून घेतला आणि होतं तसं ठेवलं. कुंकू लागलं होतं त्याला.

तू साड्यांच्या दुकानात लागलायस असं काकी सांगते. साडी कशी दिसेल ते गिऱ्हाइकाला तू स्वतःच्या खांद्यावर पदर टाकून दाखवतोस म्हणे. ऐकून मला आधी हसू आलं, मग बरं वाटलं. मुंबईत त्याचा पगार देतात. आपल्या शिमग्याच्या नमनाच्या खेळात राधा होऊन तू बारा वर्षं तेच फुकट केलंस.

यंदा नमनात तुझ्या जागी राधा कोण झाला असेल? रघू! रघू पुढं उभा राहिला की मागच्या चार गवळणी दिसत नाहीत. मिशी काढली म्हणून त्याच्या बायकोनं दोन दिवस त्याला जेवायला वाढलं नाय. कमरेवर हंडा घेऊन चालला तर वाटे पेंढ्याचा भारा चाललाय. मी संकासूर, काळे कपडे, टोकदार टोप, पांढरी दाढी, हातात दोरीचा फटका. लोकांना हसवायचं काम माझं. पण यंदा लोक रघूलाच हसले, मी नुसताच घुंगरं वाजवत पळत होतो. आणि बाबूनं मृदंग खुंटीवरून काढलाच नाय. त्याचा चुलता वाजवत होता. मृदंगाला ओली कणीक चिकटवली तरी त्याची थाप म्हणजे पापड लाटल्यासारखी.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. देवाची पालखी यंदा सगळ्या घरांना गेली. तुझ्या घराला गेली नाय.

काकीनं अंगण सारवलं होतं. रांगोळी घातली होती. गावकीनं तुमच्या घरावर बंदी घातलीय हे तिला ठाऊक होतं, तरी ताट घेऊन पायरीवर उभी होती. पालखी नाचत नाचत काजीच्या झाडापर्यंत आली आणि खालच्या वाटेनं वळली. मी संकासूर म्हणून सगळ्यांच्या पुढं होतो. मी थांबलो असतो तर काय झालं असतं कोण जाणे. थांबलो नाय. टोपाच्या भोकातून मागं बघितलं तर ती तशीच उभी. ताटातला दिवा वाऱ्यानं विझला होता, तरी ताट धरून उभी.

दादा, गावकीनं तुझ्याकडं मागितलं काय होतं? देवासमोर नारळ ठेव आणि म्हण, मी चुकलो, गंमत केली. एवढंच. तू म्हणाला नाहीस आणि सकाळच्या एस्टीनं निघून गेलास. अजून म्हण ना. पत्रात लिहून पाठव, मी गावकीत वाचून दाखवतो. माझा यात काय संबंध नाय. शेजारी म्हणून सांगतो.

तुझा
केरू


२ जून १९८५

काशीदादा,

उत्तर नाय. मी रोज पोस्टमनची वाट बघतो, तो मला बघून सायकल वळवतो. मागं एकदा त्याच्या घंटीत मी मेण भरलं होतं, ते तो विसरला नाय.

काकी मला विचारते, त्या दिवशी रत्नागिरीत नेमकं काय झालं? तिला कुणी सांगितलंच नाय. टेंपोत जागा नव्हती म्हणून आपल्याकडच्या बायका कुणी आल्या नव्हत्या, आणि पुरुष तोंड उघडत नाहीत. मी पण उडवून लावतो. म्हणतो, काकी, तुझ्या काशीचा पयला नंबर आला. ती म्हणते, ते मला ठाऊक हाय, पुढचं सांग.

तर तुला लिहून बघतो. तुला सगळं माहीतच आहे, पण काकीला सांगतोय असं धरून मला सांगता येतं का ते बघायचंय.

काकी, रत्नागिरीतल्या त्या मंडळानं गवळणींची सौंदर्यस्पर्धा भरवली होती. तालुक्यातल्या नमनांतून आणि राजापुराकडून पण आल्या होत्या. सगळे पुरुष. कुणी नांगर धरणारा, कुणी होडीवरचा, एक तर पंचायतीत शिपाई. नमन रात्री असतं, गॅसबत्तीच्या उजेडात कुणी पण सुंदर दिसतो. इथं दुपारचे चार. उन्हात दाढीची निळाई लपत नाय. पंच तीन बायका. थोरल्या आनंदीबाई, जुन्या शिक्षिका. त्यांनी म्हणे पहिल्याच वर्षी मंडळाला सांगितलं होतं, "पुरुष पंच ठेवाल तर ते छाती बघतील. आम्ही चाल बघू."

पहिलं, पडद्यामागं जाऊन नऊवारी आपली आपण नेसायची, टाचणी लावायची नाय. दुसरं, भरलेली कळशी कमरेवर घेऊन मैदानाला फेरी. तिसरं, मुलगी बघायला येतात तसं पाटावर बसायचं, विचारतील त्याची उत्तरं द्यायची आणि शेवटी नाव घ्यायचं. नवरा म्हणून नाव कृष्णाचं. गवळणीला दुसरा नवरा कुठला? सगळीकडं हाच रिवाज.

पूर्णगडचा गडी जाळी ओढणारा, त्याची कळशी जराही हलली नाय, पण पाटावर बसला तो मांडी घालून! बायका पदर तोंडाला लावून हसल्या. नाटे गावचा गडी नाकीडोळी देखणा, पण गजरा इतका मोठा की मानच वळेना. गणपतीपुळ्याकडचा गॉगल घालून आला होता, आनंदीबाई म्हणाल्या, "बाई गं, गोकुळात ऊन फार होतं का?"

आणि मग तू. त्या वर्षी राधेला साडी द्यायची पाळी बाबूच्या घरची होती, हौसावैनीनं तिची लग्नातली अंजिरी साडी दिली होती. ती नेसून तू बाहेर आलास तेव्हा पुढच्या रांगेत बसलेल्या भागोजीआबानं तंबाखू मळायची थांबवली. आबा स्वतः वीस वर्षं गवळण होता, त्यानंच तुला शिकवलेलं, हसताना दात दिसू द्यायचे नाहीत, बसताना आधी पदर बसतो मग बाई बसते. तू तशीच बसलीस. बघ, मी पण बसलीस लिहिलं. राहू दे.

आनंदीबाईंनी विचारलं, "स्वयंपाकाला काय येतं?" तू म्हणालास, "मीठ कमी पडलं तर न सांगता जेवायला येतं." सगळं मैदान हसलं. मग त्या म्हणाल्या, "आता नाव घ्या."

आणि तू कृष्णाचं नाव घेतलं नाहीस. मांडवात मृदंगाशी बाबू बसला होता. आपला बाबू. हौसावैनीचा नवरा, दोन पोरांचा बाप. तू त्याचं घेतलंस.

कुणी हसलं नाय. तू ज्या आवाजात घेतलंस त्याला कुणाला हसता येईना. आनंदीबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि तिघींचं आपसात बोलणं व्हायच्या आधीच पहिला नंबर तुला देऊन टाकला. येताना टेंपोत आम्ही सगळे मागं. बाबू ड्रायव्हरशेजारी पुढं. चौथ्या दिवशी बाबूचा सासरा गावकीत आला, माझ्या मुलीची साडी नेसून माझ्याच जावयाचं नाव घेतो म्हणाला.

हे काकीला कसं सांगू? तू काय म्हणून घेतलंस ते नाव, हे तिनं विचारलं तर?

केरू


११ ऑगस्ट १९८५

काशीदादा,

भाताची लावणी झाली. कंबर मोडली. हातांना अजून चिखलाचा वास येतो, म्हणून कागद डागाळलाय.

मागच्या पत्रात मी एक गाळलं. पहिल्यात पण गाळलं, वर म्हटलं माझा संबंध नाय.

पाटावर बसायला तुझा नंबर यायच्या आधी मी पडद्यामागं आलो होतो. धावत. धापा पण खोट्या टाकल्या. म्हणालो, "दादा, नियम बदलला. देवाचं नाव चालणार नाय. जित्या माणसाचं घ्यायचं, आपल्या गावातल्या. नायतर बाद."

तू म्हणालास, "कुणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आनंदीबाईंनी. आत्ताच."

असा नियम नव्हता. आनंदीबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. मला वाटलं तू घाईत भागोजीआबाचं नाव घेशील. सत्तरीचा म्हातारा, पुढच्या रांगेत, तोंडात दात तीन. तू लाजून "भागोजीरावांचं नाव घेते" म्हणालास की त्याचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. देवाशपथ एवढंच. टेंपोतल्या पोरांशी मी पैज पण लावली नव्हती, माझी मलाच गंमत करायची होती.

तू माझ्याकडं बघत राहिलास. तुझ्या एका डोळ्यात काजळ झालं होतं, दुसऱ्यात व्हायचं होतं. मग "बरं" म्हणालास आणि आरशाकडं वळलास.

गावकी बसली तेव्हा मी मागं खांबाला टेकून उभा होतो. तुला सगळे विचारत होते, कृष्णाचं सोडून हे नाव का घेतलंस? तू कधी पण म्हणशील की केरूनं सांगितलं, म्हणून मी दाराकडची वाट बघून ठेवली होती. तू म्हणाला नाहीस. माझ्याकडं बघितलं पण नाहीस. मी सुटलो म्हणून खूश झालो. घरी जाऊन दोन वेळचं जेवलो.

आता दीड वर्ष ते जेवण वर येतंय.

तर मी ठरवलंय. शिमग्याआधी गावकी बसते, तिथं उभा राहून सांगतो. नियम माझा खोटा, म्हणजे नाव पण खोटं. तू फसलास. तुझी काय चूक नाय, तुला नारळ ठेवायला नको, काय नको. मला काय करायचं ते करतील. पालखी काकीकडं येईल आणि तू पण येशील. फक्त तू हो म्हण. एका ओळीचं कार्ड टाक.

तुझ्या पाया पडतो. खरोखर.

केरू


२७ ऑक्टोबर १९८५

काशीदादा,

कार्ड मिळालं. पोस्टमननं सगळ्यांसमोर वाचायच्या आधी हिसकून घेतलं. कार्डावर असलं कुणी लिहितं काय? आंतर्देशीय का घेतलं नाहीस?

आता तोंडपाठ झालंय. "केरू, तू सांगून गेलास त्यानंतरही तिघांनी कृष्णाचं नाव घेतलं ते पडद्यामागं मला ऐकू येत होतं. नियम नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. तुझं जे आहे ते तू सांग. मी चुकलो असं माझ्या वतीनं सांगू नको. आईला जप. काशीराम."

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुझा राग आला. म्हटलं, म्हणजे मी दीड वर्ष उगाच झिजलो? मी फसवलं असं मला वाटत होतं आणि हा आरशासमोर काजळ घालताना सगळं ओळखून होता! मी लोकांना उल्लू बनवतो, मला कुणी बनवत नाय. वडाखाली जाऊन बसलो. कार्ड फाडायला काढलं. फाडलं नाय.

मग दुसऱ्यांदा वाचलं आणि घाबरलो.

कारण मग तू माझ्या खोटेपणाचा आडोसा घेतलास, दादा. बारा वर्षं कृष्णाचं नाव घेतलंस. एकदा कुणी तरी म्हणालं, दुसरं घे, आणि तू घेतलंस. म्हणून "चुकलो" म्हणाला नाहीस. म्हणून माझं नाव पण सांगितलं नाहीस. माझं नाव सांगितलं असतंस तर सगळे म्हणाले असते, हात्तिच्या, केरूची गंमत. आणि तुला ते गंमत व्हायला नको होतं.

बरोबर आहे का हे? चुकलं असेल तर कळव. बरोबर असेल तर कळवू नको.

पण मग काकीचं काय? मी अर्धं, नुसतं नियमाचं सांगितलं तर पालखी येत नाय. नाव पण खोटं असं पुरं सांगितलं तर येईल, पण ते पुरं खोटं. मला नववीत गणित सुटायचं नाय, हे कुठनं सुटणार.

केरू


९ फेब्रुवारी १९८६

काशीदादा,

थोडंच लिहितो.

काल भातगिरणीवर बाबू भेटला. दोघं पोत्यावर बसलो होतो, नंबर यायचा होता. मी म्हटलं, "बाबूदादा, एक सांगायचंय."

"नको सांगू."

"मी काय सांगणार ते ऐकशील तरी."

"केरू, तू जे सांगतोस ते निस्तरायला दुसऱ्याला लागतं. नको."

गिरणीचा पट्टा आवाज करत होता. बराच वेळ तो टोपीवरचा भुसा झटकत बसला. मग तिकडंच बघत म्हणाला, "काशीचं पत्र येतं?"

"एकदा आलं."

"दुकानात दिवसभर उभंच राहायचं असतं काय? बसायला देतात?"

मी म्हटलं, ठाऊक नाय.

"त्याचा डावा गुडघा दुखतो," बाबू म्हणाला. "नाचायला उतरायच्या आधी शेकायला लागायचा. विचार त्याला."

मग त्याचा नंबर आला. पोतं उचलून आत गेला.

विचारतोय. बसायला देतात काय?

केरू


३ एप्रिल १९८६

काशीदादा,

झालं. क्रमानं लिहितो, नायतर मी पुढचं आधी सांगतो.

होळीच्या आठ दिवस आधी देवळात गावकी बसली. मानाचे नारळ, पालखीची वाट, सगळं ठरलं. भागोजीआबा म्हणाला, "काय कुणाचं ऱ्हायलं?" मी उठलो. लोक आधीच हसायला लागले. मी उठलो की हसायचं असतं हे मीच त्यांना शिकवलंय. रघू म्हणाला, "आबा, धोतर सांभाळा."

मी म्हटलं, "काशीदादाला नियम बदलला असं मी सांगितलं होतं. जित्या माणसाचं नाव घ्यायला मी सांगितलं. नियम नव्हता. खोटं बोललो मी."

हसणं थांबलं. माझा बाप खोकायचा पण थांबला.

आबा म्हणाला, "मग दोन वर्सं तोंडात काय धरलं होतंस?"

"भीती."

"म्हंजे काशी फसला."

इथंच होतं बघ सगळं. मला फक्त मान हलवायची होती. आबाचा चेहरा पण उजळला होता, त्याला पण हे मिटायला हवं होतं रे. त्याचाच चेला तू. रघू म्हणाला, "हलव ना मुंडी, बैला, म्हंजे सुटलं." खांबाआड काकी उभी होती.

मी म्हटलं, "नियम माझा खोटा. नावाचं मला विचारू नका. नाव मी सांगितलं नव्हतं."

गलका झाला. बाबूचा सासरा उठून ओरडायला लागला. आबानं काठी आपटली आणि म्हणाला, "मी वीस वर्सं गवळण केली. साडी सोडली की बाई संपते. हा आपला नियम. बापजाद्यांपासून हाय. काशीनं तो मोडलान."

मी म्हटलं, "आबा, त्यानं नाव घेतलान तेव्हा तो साडीतच होता. सोडायच्या आधी घेतलान. मग मोडलान कुठं?"

मागं कुणी तरी फिस्सकन हसलं. आबानं काठी मांडीवर आडवी घेतली. मग हळू म्हणाला, "मग सोडल्यावर चुकलो म्हणायला काय झालं होतं त्याला?"

याला माझ्याकडं उत्तर होतं. ते तुझं आहे, म्हणून मी दिलं नाय.

मग आबानं बाबूला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" बाबू दारापाशी बसला होता. म्हणाला, "नाव माझं घेतलान. मी तक्रार घेऊन आलो होतो काय कुणाकडं?" सासरा म्हणाला, "आम्ही आलो होतो." बाबू म्हणाला, "ते तुम्ही." उठला, चपला घातल्या आणि गेला. हौसावैनी बायकांत बसली होती. ती त्याच्या मागून गेली नाय, आणि बापाजवळ पण जाऊन बसली नाय.

गावकीनं काय ठरवलं नाय. फुडच्या वर्षी बघू. काशीच्या घरची बंदी हाय तशी. मला मात्र लगेच शिक्षा, संकासुराचा टोप काढून घेतला. रघूच्या भावाला दिलाय. बाप माझ्याशी बोलत नाय, खाणाखुणा करून शिव्या देतो.

काकी पण बोलेना. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल, तेवढ्या मी मोजून तयार ठेवल्या होत्या. तिनं दारच लावून घेतलान. तीन दिवस मी पाण्याची कळशी नेऊन ठेवायचो, ती माझी कळशी तशीच ठेवून स्वतः विहिरीवर जायची.

पालखी आपल्या वाडीत आली त्या दिवशी मला काम नव्हतं. टोप नाय, घुंगरं नाय. जाऊन तुझ्या पायरीवर बसलो. अंगणात यंदा रांगोळी नव्हती. सारवण पण नव्हतं. ढोल जवळ यायला लागले तशी काकी बाहेर आली.

"इथं कशाला बसलास? बघायला?"

"नाय काकी. असाच."

"माझ्या काशीला खोटं सांगितलंस. माझ्या चुलीशी बसून दोन वर्सं जेवलास आणि बोलला नाहीस."

"होय."

"मुडद्या," ती म्हणाली. पण माझ्यापासून हातभर अंतरावर बसली.

खाली काजीच्या झाडापाशी पालखी दिसायला लागली. गुलाल उडत होता. ती तिकडं बघत नव्हती. म्हणाली, "त्यानं नाव कसं घेतलान ते मला सांग. साऱ्या गावानं ऐकलं. मीच ऐकलं नाय."

मी उठून उभा राहिलो. बसून ते सांगता येईना. आवाज पण माझा कसला, बेडकासारखा. तरी तू घेतलंस तसंच घेतलं, मध्ये जिथं थांबलास तिथं थांबून.

"ओल्या कणकेवाचून मृदंग कधी बोलतो?
बाबूरावांच्या थापेवाचून माझा पाय कुठं चालतो?"

"परत सांग," काकी म्हणाली. "ढोलात ऐकू आलं नाय."

परत सांगितलं. ढोल खालच्या वाटेला वळले होते.

"लाजला काय घेताना?"

"मान खाली होती. आवाज खाली नव्हता."

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "माझ्या लग्नात मला जमलं नाय. तीनदा पाटावर बसवलं. तुझ्या काकाचं नाव जिभेवर आलं की रडू फुटायचं. शेवटी नणंदेनं माझ्या वतीनं घेतलान." बोटावरचा पदर सोडला. "ह्यानं सगळ्या मैदानात घेतलान."

आम्ही मान वर केली तेव्हा वाट रिकामी होती. पालखी कधी गेली ते दोघांनी पण बघितलं नाय.

मग ती नेहमीच्या आवाजात बोलायला लागली, तांदूळ निवडताना बोलते तसं. "त्याला पत्र लिही. शिमगा गावकीचा, पालखी गावकीची. गणपती माझ्या घरातला हाय. तो यायला गावकीला विचारत नाय. चतुर्थीच्या आधी दोन दिवस ये म्हणावं. आई बोलावते म्हणून ये." आणि माझ्या डोक्यात एक टपली मारली. जोरात. बरं वाटलं.

दोन वर्षं तुमच्या घरचा गणपती माझ्या बापानं आणून दिलान. यंदा त्याला दम्यानं डोक्यावर ओझं झेपणार नाय, आणि मी तर आणणारच नाय, तुला आधीच सांगून ठेवतो. काल मी गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलो. मूर्तीवाला मला वेड्यात काढायला लागला, म्हणाला, अरे चैत्र तरी लागू दे, अजून माती आणली नाय मी. मी म्हटलं, वहीत लिहून तर ठेव. कुणाच्या नावानं लिहू, म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं, बापाच्या नावासकट, आणि त्यानं लिहून घेईपर्यंत तिथंच उभा राहिलो.

केरू